काळवंडलेल्या चांदीतली इसिस

थोरला प्लिनी हा रोमन लेखक जात्याच कुरकुरा. त्याच्या ‘निसर्गेतिहास’ या अवाढव्य ग्रंथाचा तेहेतिसावा खंड सोन्याचांदीवर आहे आणि रोममधल्या श्रीमंतांच्या हौसेवर त्यात त्याने मनसोक्त तोंडसुख घेतले आहे. बोलता बोलता तो इजिप्तवर येतो. तिकडचे लोक म्हणे चांदीवर नक्षी उठवत बसत नाहीत, चांदी रंगवतात. भांड्यावर आपला अनुबिस देव दिसावा एवढ्यासाठी. पुढे तो चक्क कृतीच देऊन टाकतो. चांदीत तिच्या एक तृतीयांश पातळ तांबे घालायचे, चांदीच्या वजनाइतके गंधक मिसळायचे, मातीच्या भांड्याचे झाकण मातीनेच लिंपायचे आणि ते आपसूक उघडेपर्यंत भट्टीत ठेवायचे. उकडलेल्या अंड्याच्या बलकानेही चांदी काळी पडते, पण तो काळेपणा व्हिनेगर आणि खडूने घासला की निघतो, अशी घरगुती टीपही जोडतो. आणि मग खरी बोच बाहेर येते. चांदीचे तेज मारले की तिची किंमत वाढते, हे काय गौडबंगाल आहे?

या गौडबंगालाचा उलगडा करायचा तर तुरिनच्या इजिप्शियन संग्रहालयातली एक वस्तू पाहावी. ‘मेन्सा इसियाका’, म्हणजे इसिसचे मेज, या नावाने ती ओळखली जाते. उरला आहे तो फक्त मेजाचा वरचा फळा, सुमारे सव्वा मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद. ब्राँझच्या पत्र्यात चांदी, तांब्याच्या निरनिराळ्या मिश्रधातू आणि काळा नीएलो जडवून देवदेवतांची गर्दी उभी केली आहे. काळ इसवी सनाचे पहिले शतक. देव सगळे नाईलकाठचे, पण मेज रोमन. इजिप्तच्या देवळांशी परिचय असलेला माणूस ते पाहून मिनिटभरात म्हणेल, हे तिकडचे नव्हे. त्याचे म्हणणे खरेच आहे. पण बहुतेक पुस्तके इथेच थांबतात, ‘नक्कल’ असा शिक्का मारतात आणि पुढे सरकतात. मला वाटते, खरी गंमत त्या शिक्क्याच्या पलीकडे सुरू होते.

आधी नीट पाहू या. फळ्यावर तीन आडवे पट्टे आहेत आणि चारही बाजूंनी एक काठपट्टी. मधल्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर खांबांचा देव्हारा आहे आणि त्यात सिंहासनावर इसिस बसली आहे. तिच्या डोक्यावर पक्ष्याच्या आकाराचा शिरपेच आहे, त्याच्यावर गायीची शिंगे आणि शिंगांच्या कवेत सूर्यबिंब. अंगावरचे वस्त्र वस्त्रासारखे दिसतच नाही. छातीपासून पायांपर्यंत पंखांनी तिला लपेटून घेतले आहे आणि पिसान्‌पीस वेगळे काढले आहे. एका हातात राजदंड. बाकीच्या सर्वांप्रमाणे तीही बाजूने दिसते, पण ती देव्हाऱ्यात बसली आहे. एवढ्या गर्दीत डोळा तिच्यावर जाऊन ठरतो तो या एका युक्तीने. देव्हाऱ्याच्या चौकटीने तिच्याभोवती थोडी मोकळी जागा राखली आहे, आणि या फळ्यावर मोकळी जागा हीच सर्वांत महाग चीज आहे.

तिच्या दोन्ही बाजूंना दोन पवित्र बैल आहेत, एपिस आणि म्नेव्हिस, सेवकांसह. वरच्या आणि खालच्या पट्ट्यात देवांची रांगच लागलेली: शराटी पक्ष्याच्या डोक्याचा थोथ, मेंढ्याच्या डोक्याचा देव, सिंहिणीच्या तोंडाची देवी, ससाण्याच्या मुखाचा होरस, ममीसारखा गुंडाळलेला प्ताह. हातांत दंड, कमळे, नैवेद्याची पात्रे. काठपट्टीवर आकृत्या लहान होतात आणि हात जरा मोकळा सुटतो. तिथे नावा आहेत, स्फिंक्स आहेत, शेणकिडा आहे, गुडघे टेकून काही अर्पण करणारी माणसे आहेत. आणि जिथे जिथे दोन आकृत्यांमध्ये उभी फट राहिली, तिथे तिथे चित्रलिपीचे स्तंभ.

आता ते स्तंभ जरा बाजूला ठेवून धातूकडे येऊ, कारण या मेजाचे रसग्रहण करायचे तर आधी त्याच्या अंगाचे बोलायला हवे. चित्रे रंगवलेली नाहीत आणि उठावाचीही नाहीत. कारागिराने ब्राँझमध्ये आधी आकृतीच्या रेषा आणि जागा खणून काढल्या, मग त्या खाचांत दुसऱ्या धातूच्या पट्ट्या आणि पत्र्याचे तुकडे ठोकून बसवले, वरून घासून सारे एका पातळीत आणले आणि घोटून चकचकीत केले. बोट फिरवले तर कुठे चढउतार लागू नये, असे हे काम असते. आपल्याकडे बिदरीची सुरई किंवा पानदान ज्यांनी हाताळले आहे त्यांना हे लगेच समजेल. तिथेही जस्ताच्या मिश्रधातूत चांदीची तार आणि पत्रा ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने सारे भांडे काळेभोर करतात; चांदी मात्र तशीच उजळ राहते. फरक इतकाच की बिदरीत खेळ दोन रंगांचा, काळ्याचा आणि पांढऱ्याचा. इसिसच्या मेजावर चांदीची पांढरी झळाळी, ब्राँझचा उबदार पिवळेपणा, तांब्याची लाली आणि नीएलोचा शाईसारखा काळा असे चार-पाच स्वर आहेत, आणि ते सगळे धातूचेच आहेत. रंग म्हणून वेगळे काही आणलेले नाही.

म्हणजे हे धातूने काढलेले चित्र आहे, आणि नेमके हेच प्लिनीला खटकत होते. रोमन चांदीकामाची अभिजात परंपरा उठावाची होती. बोस्कोरेआलेचे वाडगे आणि पेले आठवा, आज लूव्हरमध्ये असलेले. त्यांत चांदीच्या पत्र्याला मागून ठोकून माणसे, फळे, प्राणी पुढे आणले आहेत. प्रकाश त्यांच्यावर पडतो, सावली तयार होते आणि आकृतीला वजन येते. त्या कामात चांदी मांसासारखी वागते. इसिसच्या मेजावर चांदी शाईसारखी वागते. आकृतीला जाडी नाही, सावली नाही, मागे-पुढे नाही. आहे ती फक्त कडा आणि चमक. रोमन डोळ्याला सवय होती देव माणसासारखा गुबगुबीत पाहायची. इथे देव पातळ आहेत, कागदासारखे, आणि म्हणूनच ते माणसांच्या जगातले वाटत नाहीत. चांदीचे तेज मारायचे ते एवढ्यासाठी. सगळीकडे सारखे चमकणारे मेज हे फक्त श्रीमंतांचे मेज झाले असते. सभोवती काळे केले की उरलेली चांदी निवडक होते. कुठे चमकायचे आणि कुठे नाही हे कारागीर ठरवतो, आणि देवतेला तेज येते ते या काटकसरीतून.

नीएलो म्हणजे चांदी, तांबे आणि गंधक यांचे काळे संयुग. प्लिनीची कृती जवळजवळ तीच आहे. त्याने ती तुच्छतेने लिहिली, पण तीच या कलेला दिलेली सर्वोत्तम दाद म्हणायला हरकत नाही.

हे मेज दिवसाउजेडी लख्ख खिडकीखाली पाहायचे नव्हते, हेही लक्षात ठेवावे. तेलाच्या दिव्याच्या हलत्या उजेडात जडावाची चांदी सरकते. आपण अर्धे पाऊल सरकलो की एक आकृती विझते आणि शेजारची पेटते. म्हणूनच संग्रहालयाने छापलेली सपाट, सारखी उजळलेली छायाचित्रे या वस्तूवर अन्यायच करतात. छायाचित्रात ते गर्दीचे मेज वाटते. प्रत्यक्षात सगळी गर्दी एकाच वेळी दिसत नसणार.

आता त्या लिपीच्या स्तंभांकडे. त्यांत जवळजवळ काहीही लिहिलेले नाही.

चिन्हे इजिप्तचीच आहेत: पक्षी, डोळे, वाकडे दंड, पाण्याच्या लाटा. पण ती एकापुढे एक लावल्यावर शब्द होत नाहीत. इजिप्तच्या देवळाच्या भिंतीवर देवाशेजारी जे लिहिलेले असते त्याला काम असते. देव कोण, तो राजाला काय देतो, राजा त्याला काय अर्पण करतो, हे ते सांगते. चित्र आणि मजकूर एकमेकांवाचून अपुरे असतात. मेजाच्या कारागिराने हे नाते डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले नाही. मूर्तीशेजारी उभा मजकूर असतो एवढे त्याला माहीत होते, म्हणून त्याने उभा मजकूर काढला. आकार बरोबर, ठिकाण बरोबर, घनता बरोबर. अर्थ तेवढा नाही.

इथे विद्वान मान हलवतात आणि कारागिराला अडाणी ठरवून मोकळे होतात. पण त्याच शतकाच्या शेवटी, त्याच रोममध्ये, डोमिशियन सम्राटासाठी एक ओबेलिस्क उभारला गेला आणि त्यावरची चित्रलिपी खरी आहे. सम्राटाची स्तुती खऱ्याखुऱ्या इजिप्शियन भाषेत रचून कोरलेली. तो स्तंभ आज रोमच्या पियात्सा नाव्होनामध्ये बेर्निनीच्या कारंज्यावर उभा आहे. म्हणजे जाणकार सापडतच नव्हता असे नाही. सम्राटाला मजकूर हवा होता, त्याने मजकूर लिहून घेतला. मेजाच्या मालकाला, किंवा ज्या देवळासाठी ते घडले त्या देवळाला, मजकूर नको होता. हवी होती लिपीची उपस्थिती.

आणि ही उपस्थिती काय काम करत असेल याची कल्पना एका लेखकाने देऊन ठेवली आहे. दुसऱ्या शतकातला अपुलेयुस हा आफ्रिकेत जन्मलेला लॅटिन कादंबरीकार. त्याचा नायक गाढव होतो आणि कादंबरीच्या अकराव्या, शेवटच्या भागात इसिसच्या कृपेने पुन्हा माणूस होऊन तिची दीक्षा घेतो. दीक्षेआधी पुजारी गाभाऱ्यातून काही पुस्तके आणतो. त्यांतली अक्षरे अनोळखी. काही प्राण्यांच्या आकारांची, काही गाठींसारखी आणि चाकांसारखी वळलेली. अपुलेयुस स्पष्टच सांगतो की हे असे लिहिलेले असते ते बाहेरच्या उत्सुक माणसाला वाचता येऊ नये म्हणून. इसिसच्या रोमन भक्ताला लिपी ही अशी भेटत होती: डोळ्यांपुढे उघडी आणि तरी बंद. पुजाऱ्यासाठी ती पोथी असेल. भक्तासाठी ती एक दार होती, जे कुणीतरी उघडू शकतो याची खात्री त्याला पुरेशी होती. मेजावरची लिपी कुणालाच उघडता येणारी नाही हा फरक मोठा खरा. पण मेजासमोर उभ्या राहिलेल्या बहुतेक माणसांना तो कळण्याचे कारण नव्हते, आणि त्यांच्या भक्तीत त्याने काही फरक पडला असेल असे मला वाटत नाही.

मेजासमोर उभे राहिलेले म्हटले ते जाणूनबुजून. तिन्ही पट्ट्यांतले देव एकाच दिशेला डोके करून उभे आहेत. लांब बाजूच्या एका कडेशी उभे राहिले तरच ते सुलटे दिसतात. समोरून येणाऱ्याला सगळे देव उलटे. रोमन जेवणाच्या मेजाभोवती माणसे तीन बाजूंच्या पलंगांवर लवंडून बसत. असा फळा तिथे ठेवला असता तर बहुतेक पाहुण्यांना इसिस आडवी नाहीतर उलटी दिसली असती. शिवाय त्यावर ताट-पेला ठेवला की कुणा ना कुणा देवाच्या तोंडावर तो येणार. तेव्हा हे मेज काही ठेवण्याचे नव्हते, पाहण्याचे होते. त्याला एक पुढची बाजू आहे आणि त्या बाजूला उभा राहणारा माणूस भक्त आहे. रोममध्ये कँपस मार्शियसवर इसिसचे मोठे देऊळ होते. तिथल्या पूजेच्या सामानातले हे असावे असे मानले जाते आणि फळ्याची दिशा पाहता मला ते पटते.

ते देऊळ तिथे उभे राहिले याचेच नवल करावे. इसिसचे आणि रोमन सत्तेचे कधी जमले नाही आणि कधी सुटलेही नाही. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या वर्षांत सेनेटने इसिस आणि सेरापिसची देवळे पाडायचा हुकूम काढला, तेव्हा एकही मजूर हात लावायला धजेना. शेवटी कॉन्सुल एमिलियुस पाउलुस, इसवी सनापूर्वी ५० या वर्षी, आपला किनारीचा टोगा उतरवून स्वतः कुऱ्हाड घेऊन देवळाच्या दारावर चालून गेला, असे व्हालेरियुस माक्सिमुस सांगतो. इसवी सन १९ मध्ये टायबेरियसने एका बदनामीच्या प्रकरणानंतर पुजाऱ्यांना क्रूसावर चढवले, देऊळ पाडले आणि देवीची मूर्ती टायबर नदीत टाकून दिली. ही हकीकत जोसेफसची. आणि त्यानंतर पन्नास वर्षे पुरती झाली होती तोच डोमिशियन, तेव्हा अजून राजपुत्र, यादवीत शत्रूच्या हातून निसटला तो इसिसच्या भक्तांच्या वेशात. इसवी सन ८० च्या आगीत जळलेले देऊळ पुढे त्यानेच पुन्हा बांधले. मधल्या काळात पाँपेईसारख्या लहान शहरात तर इसिसचे देऊळ मध्यमवर्गाच्या मानाचे ठिकाण झाले होते. इसवी सन ६२ च्या भूकंपानंतर ते नव्याने बांधले गेले, तेही नुमेरियुस पोपिदियुस सेल्सिनुस या सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने. बाप मुक्त गुलाम, त्याला स्वतःला नगरसभेत जागा नव्हती, म्हणून मुलाच्या नावाने पुण्य आणि पद दोन्ही मिळवले.

अशा समाजात इसिसचे मेज ही नुसती शोभेची वस्तू राहत नाही. ज्या चांदीने रोमन माणूस आपली ऐपत दाखवत होता तीच चांदी आता परक्या देवीच्या कामी लागली. ऐपत दाखवण्याची हौस किती टोकाला गेली होती याचा दाखला प्लिनीच देतो: क्लॉडियस सम्राटाचा द्रुसिलानुस रोतुंदुस नावाचा एक गुलाम, स्पेनमधला खजिनदार, त्याच्याकडे ५०० रोमन पौंडांचे, म्हणजे सुमारे १६० किलोंचे चांदीचे ताट होते आणि ते घडवायला आधी वेगळी कार्यशाळा उभारावी लागली. त्या ताटाच्या बाजूला इसिसचे मेज ठेवून पाहिले की वेगळेपण कळते. ताटाची किंमत त्याच्या वजनात होती. मेजात चांदी थोडी आहे, आणि जी आहे ती अर्धी झाकलेली.

मेजाच्याच घराण्यातली आणखी एक चीज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. स्ताबिए इथल्या व्हिला सान मार्कोमध्ये ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे, पेले सापडले. त्यांवर सोन्याची तार आणि रंगीत दगड जडवून इजिप्शियन पूजेची दृश्ये काढली आहेत. मेजापेक्षा ते नाजूक आहेत आणि कारागिरीत, माझ्या मते, सरसही. पण त्यांत मेजाची हट्टी महत्त्वाकांक्षा नाही. पेल्यावर एक दृश्य पुरते. मेजाला सगळा देवगण हवा होता.

अशी चांदी ज्या व्यापाराने फिरे त्याच्या वाटेवर आपला किनाराही होता. इजिप्तच्या लाल समुद्रातल्या बंदरांतून निघालेली जहाजे भडोचला येत, आणि ‘पेरिप्लस’ हे त्याच शतकातले प्रवासपुस्तक सांगते की तिथल्या राजासाठी आणल्या जाणाऱ्या मालात महागडी चांदीची भांडी असत. पैठण आणि तेर यांची नावे त्याच पुस्तकात आहेत. उलट दिशेने पाँपेईत जी हस्तिदंती स्त्रीमूर्ती गेली, जी १९३८ मध्ये सापडली आणि एखाद्या लहान मेजाचा वा तिवईचा पाय असावी असे काहींचे मत आहे, तिच्या जातकुळीच्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. लाल समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात इसिसच्या देवळाच्या अंगणात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. तिथल्या पुजाऱ्यांना तिचे वावगे वाटले नसावे. इसिसचा पंथ मुळातच सगळ्यांना सामावून घेणारा होता.

पुन्हा मेजाकडे. त्याचे दुसरे आयुष्य पहिल्यापेक्षा जास्त गमतीचे आहे. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटले. त्या लुटीनंतर कधीतरी ते एका लोहाराच्या हाती आले आणि त्याच्याकडून पिएत्रो बेंबो या विद्वानाने विकत घेतले, असे सांगतात. बेंबो पुढे कार्डिनल झाला, १५४७ मध्ये वारला आणि मेज मांतुआच्या गोन्झागा घराण्याकडे गेले. १५५९ मध्ये एनेआ व्हिको या खोदकाम करणाऱ्या कलाकाराने त्याची हुबेहूब छापील प्रत काढली. त्या दिवसापासून युरोपभरचे विद्वान मेज न पाहता मेजावर लिहू लागले. धातूचे चार-पाच स्वर गेले, उरल्या काळ्या रेषा. वस्तूचे चित्र झाले आणि चित्राचे कोडे.

कोडे सोडवणाऱ्यांत मला आवडतो तो लोरेन्झो पिन्योरिया. १६०५ च्या आपल्या पुस्तकात त्याने आधीच सांगून टाकले की मी यात रूपके शोधणार नाही. जुन्या लेखकांनी जे लिहिले आहे त्याच्या आधाराने जे दिसते ते सांगेन. त्या काळात हे सांगायला धाडस लागत होते, कारण सगळ्यांना रूपकेच हवी होती. पण वाचकांच्या मनावर राज्य केले ते आथानासियुस किर्खरने. हा जर्मन जेझुइट रोममध्ये बसून सर्वकाही जाणत असे. १६५२ ते १६५४ या काळात निघालेल्या ‘ईडिपस इजिप्तियाकुस’ या महाग्रंथात त्याने मेजाची फोड केली: हे विश्वाचे चित्र आहे, यात सृष्टी चालवणाऱ्या शक्तींची उतरंड आहे, इसिस त्यांच्या मध्यभागी आहे. पियात्सा नाव्होनातल्या ओबेलिस्कवरही त्याने १६५० मध्ये असेच मोठे पुस्तक लिहिले होते. त्या स्तंभावरची लिपी खरी, मेजावरची खोटी. किर्खरने दोन्ही सारख्याच सफाईने वाचल्या आणि दोन्ही चुकीच्या वाचल्या. मात्र त्याची थट्टा जपूनच करावी. कॉप्टिक भाषा ही प्राचीन इजिप्शियनचीच वंशज आहे हे त्याने ओळखले होते आणि पुढे चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोलियाँला त्याचाच उपयोग झाला. शिवाय देवनागरी अक्षरे युरोपच्या छापील पानावर आणणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याचे १६६७ चे ‘चायना इलुस्त्राता’ येते. आग्र्यात संस्कृत शिकलेल्या हाइनरिख रोथ या जेझुइटाने ती त्याला दिली होती. न वाचता येणाऱ्या लिपीचे वेड असलेल्या माणसाच्या पुस्तकात आपली वर्णमाला बसावी, याची मला गंमत वाटते.

सतराव्या शतकात मेज तुरिनच्या सावॉय राजघराण्याकडे आले. ते समजून घ्यायला आणखी इजिप्शियन वस्तू हव्यात म्हणून व्हितालियानो दोनाती या वनस्पतिशास्त्रज्ञाला तिकडे धाडले, अशी कथा तुरिनमध्ये सांगतात. दोनातीने मूर्ती पाठवल्या, पण तो स्वतः परतला नाही. पुढच्या प्रवासात १७६२ मध्ये मंगळूरच्या वाटेवर जहाजातच वारला. त्याने जमवलेल्या वस्तू आणि हे मेज मिळून तुरिनच्या संग्रहाचे बीज पडले आणि १८२४ मध्ये संग्राहक द्रोव्हेत्तीचा प्रचंड संग्रह विकत घेतल्यावर त्याचे संग्रहालय झाले. म्हणजे जगातले एक थोर इजिप्शियन संग्रहालय ज्या वस्तूपासून सुरू झाले ती इजिप्तची नाहीच. त्याच १८२४ मध्ये शाँपोलियाँ तुरिनला येऊन खऱ्या पपायरसांत बुडून गेला, आणि लिपी वाचता येऊ लागल्यावर मेजाचे कोडे एका फटक्यात संपले. वाचण्यासारखे तिथे काही नव्हतेच. मग त्याच्याकडे वळले ते गूढविद्यावाले. लंडनच्या वेस्टकॉटने १८८७ मध्ये त्यावर पुस्तक काढले, काहींनी टॅरोची पानेही त्यात शोधली. विद्वानांनी मात्र ते वगळल्यासारखे केले.

मेजात दोष आहेतच. आकृत्यांच्या चेहऱ्यांत फरक नाही. डोकी बदलतात, मुद्रा बदलत नाही. वरच्या आणि खालच्या पट्ट्यात देव एकापाठोपाठ एक उभे आहेत, त्यांच्यात काही घडत नाही. इजिप्तच्या भिंतीवर देव आणि राजा यांच्यात देवाणघेवाण चालते. इथे देव ओळखपरेडला उभे केल्यासारखे वाटतात. कारागिराला एकही देव सोडवेना, हा लोभ त्याला भोवला आहे. मधल्या इसिसभोवती त्याने जो मोकळेपणा राखला तो त्याला इतरत्र सुचला असता तर मेज कितीतरी श्रेष्ठ झाले असते. काठपट्टीवर मात्र त्याचा हात खुलतो, कारण तिथे नेमके काय आणि किती यायला हवे याचे दडपण नव्हते. गुडघे टेकलेल्या त्या लहान माणसांच्या वाकलेल्या पाठींत जी सहजता आहे ती वरच्या एकाही देवात नाही.

माझ्या हाती असते तर मी हे मेज इजिप्शियन मूर्तींच्या शेजारी ठेवले नसते. तिथे त्याची तुलना अशा वस्तूंशी होते ज्यांच्याशी त्याची स्पर्धाच नव्हती, आणि ते हरते. पाँपेईच्या पलंगांचे जडावाचे पाय, हर्क्युलेनियमच्या भित्तिचित्रांतले पांढऱ्या वस्त्रांतले डोके भादरलेले पुजारी, त्यांच्या हातातली खुळखुळणारी सिस्त्रम, स्ताबिएचे काळे पेले, रोमन दिवे यांच्यामध्ये ते ठेवायला हवे; आडवे, कमरेच्या उंचीवर, लांब बाजू भक्ताकडे करून. आणि दिवे मंद करून, एका बाजूने.